भूकंप आला तर अणुभट्टीचं काय होते? चुटक्याची काळजी करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

गोंडपिपरीकडच्या एका पोराचा प्रश्न आहे, त्याच्याच शब्दांत देतो. "काका, ४ डिसेंबर २०२४ ले सकाळी सकाळी आमच्या घरावरचे टिनं वाजले, फळीवरचे भांडे खाली आले. तेलंगणातल्या मुलुगूचा भूकंप एवढ्या लांबून आम्हाले जाणवला. आता तिकडं मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात चुटका अणुप्रकल्प होणार म्हणतात, अन् जबलपूरले तं मागं मोठा भूकंप होऊन गेला. मंग तिथं फुकुशिमासारखं झालं तं गोंदिया, भंडारा, नागपूर सगळं साफच ना? तुम्ही त्याच लाईनमधले, खरं खरं सांगा."

सांगतो. माझी सगळी नोकरी जडपाण्यावर (हेवी वॉटर) चालणाऱ्या भट्ट्यांच्या मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये गेली, त्यातही शेवटी शेवटी भूकंपाच्या दृष्टीनं पाईप, सपोर्ट, पॅनल तपासायचं काम जास्त होतं. आता गावी तूर-कपाशी पाहतो. कंपनीची बाजू घ्यायची मला गरज नाही आणि आंदोलनवाल्यांना खूश करायचीही नाही.

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढा की भूकंपानं जमीन हलली म्हणजे भट्टी फुटली. सिनेमात तसं दाखवतात. आजपर्यंत जगात नुसत्या हादऱ्यानं, म्हणजे फक्त जमीन हलल्यानं, अणुभट्टी वितळल्याचं उदाहरण नाही. फुकुशिमात सुद्धा घात केला तो पाण्यानं आणि करंट गेल्यानं. त्यामुळं विचारायचा प्रश्न "किती रिश्टरचा भूकंप सहन करते?" हा नाहीच. भट्टी बंद झाल्यावर तिला थंड ठेवायला पाणी आणि करंट किती तास, किती दिवस टिकते, हे विचारा. बाकी सगळं मी याच एका मुद्द्यावर सांगून राहिलो.

आता रिश्टरचं पण थोडक्यात उरकतो, कारण टीव्हीवाले तिथंच अडकतात. मुलुगूचा भूकंप ५.३ चा, हा आकडा भूकंपात किती ऊर्जा सुटली त्याचा. तुमच्या घराला धक्का किती बसला ते अंतरावर, खोलीवर आणि खालच्या जमिनीवर अवलंबून असते. काळ्या मातीवरचं घर आणि खडकावरचं घर एकाच भूकंपात वेगवेगळं हलते. म्हणून इंजिनिअर लोक रिश्टरमध्ये डिझाईन करत नाहीत, त्या जागेवर जमीन किती जोरानं हलेल त्याच्यावर करतात, आणि भट्टीची इमारत शक्यतो माती काढून थेट खडकावर बसवतात.

आणि आपला विदर्भ सुरक्षित झोनमध्ये आहे म्हणून निवांत राहणारे पण भरपूर आहेत. अरे बाप्पा, किल्लारी कोणत्या झोनमध्ये होती? तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता पहाटे चारच्या सुमारास ६.२ चा भूकंप आला आणि दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेले लोक. नंतर झोन एक नकाशातूनच काढून टाकला. गोदावरीच्या खोऱ्यातही जुने भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगा, आहेत, १९६९ ला भद्राचलमला ५.७ चा झाला होता. म्हणजे मुलुगूचा काही आकाशातून पडलेला नव्हता.

याच कारणानं अणुकेंद्रासाठी नुसता झोनचा नकाशा चालत नाही. आजूबाजूच्या ३०० किलोमीटरमधला भूकंपाचा इतिहास, भ्रंश, सगळं काढावं लागते. पाच किलोमीटरच्या आत हलू शकेल असा भ्रंश निघाला तर एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ती जागा नाकारते. मंग दोन पातळ्या ठरतात. एक छोटी, साधारण शंभर वर्षांत एकदा येईल अशी, तिच्यात केंद्र चालू राहू शकलं पाहिजे. दुसरी मोठी, दहा हजार वर्षांत एकदा येईल अशी, तिच्यात केंद्राचं नुकसान झालं तरी चालेल पण भट्टी बंद झाली पाहिजे, थंड राहिली पाहिजे आणि किरणोत्सार आतच राहिला पाहिजे. उत्तर प्रदेशातलं नरोरा झोन चारमध्ये आहे, तिथं डिझाईन त्या हिशोबानं जास्त कडक केलं.

हादरा बसल्यावर आत काय होते ते आता. सेन्सरनं ठरलेल्या पातळीच्या वर हादरा पकडला किंवा दुसरा कोणता सिग्नल बिघडला की भट्टी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. आपल्या जडपाण्याच्या भट्टीत कॅडमियमचे रॉड वर क्लचवर टांगलेले असतात, करंट गेला की क्लच सुटतो आणि रॉड आपल्या वजनानं खाली पडतात, दोन-तीन सेकंदांचा खेळ. त्याच्या जोडीला दुसरी वेगळी सिस्टीम, ती न्यूट्रॉन (अणू फोडत राहणारे कण) खाणारं द्रावण आत सोडते. म्हणजे बंद व्हायला करंट लागत नाही, करंट जाणं हेच बंद व्हायचं कारण आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये ९.० चा भूकंप झाला तेव्हा त्या भागात चालू असलेल्या सगळ्या ११ भट्ट्या आपोआप बंद झाल्या, फुकुशिमाच्या तीन धरून. तिथपर्यंत सगळं बरोबर.

खरा त्रास बंद झाल्यावर सुरू होते. स्वयंपाक आटोपला, चुलीतली लाकडं मागं ओढली, तरी इंगळ धगधगत राहतात ना, तसंच आहे, फक्त या इंगळावर पाणी मारून ते विझत नाहीत, आपल्या वेळेनंच निवतात. चुटक्याला ७०० मेगावॉटची दोन युनिटं ठरली आहेत. अशा एका युनिटमध्ये उष्णता साधारण २१०० ते २२०० मेगावॉट तयार होते. बंद केल्याच्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे १४० मेगावॉटच्या आसपास. तासाभरानं दीड टक्का, ३० मेगावॉट. दुसऱ्या दिवशी अर्धा टक्का, १० मेगावॉटच्या आसपास. १० मेगावॉट म्हणजे किती ते पाण्यात मोजा, कारण ते आपल्याला कळते. पाणी उकळून वाफ करून ही उष्णता न्यायची असेल तर तासाला १४-१५ हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात गावात येते तो पाच हजार लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर, तसे तीन टँकर दर तासाला. बंद केल्यावर तासाभरानं लागते ते याच्या तिप्पट. हे गणित मी मुद्दाम सांगून राहिलो, कारण याच्यात भीती पण आहे आणि दिलासा पण आहे. पाणी थांबलं तर काही तासांत संकट, पण लागणारं पाणी काही समुद्राएवढं नाही, फायर टेंडरनं देता येईल एवढंच आहे.

फुकुशिमात हेच जमलं नाही. भूकंपानं बाहेरची लाईन गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, सगळं ठीक चाललं होतं. पाऊण-एक तासानं त्सुनामी आली. केंद्र डिझाईन केलं होतं ५.७ मीटरच्या लाटेसाठी, आली १४-१५ मीटरची. आणि बहुतेक जनरेटर, स्विचगिअर (करंट वाटून देणारे पॅनल) बसवले होते टर्बाईन बिल्डिंगच्या तळघरात. तळघरात! पाणी भरलं, डिझेल बंद, बॅटऱ्या पण काही बुडाल्या, बाकी दीड-एक दिवसात संपल्या. मंग १, २, ३ नंबरच्या भट्टीचा गाभा, म्हणजे आतला इंधनाचा भाग, वितळला, तापलेल्या इंधन-नळ्यांची वाफेशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींचे वरचे मजले उडाले, तो स्फोट टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. तो अणुबॉम्बसारखा स्फोट नव्हता, हायड्रोजनचा होता.

आता दुसरी बाजू पाहा, हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ओनागावा नावाचं केंद्र त्याच भूकंपाच्या केंद्रबिंदूला फुकुशिमाहून जवळ होतं. लाट तिथंही १३ मीटरच्या आसपास आली. पण बांधतानाच जागा जवळपास १५ मीटर उंचावर घेतली होती, म्हणून केंद्र वाचलं आणि गावातले घरं गेलेले लोक त्या केंद्राच्याच जिममध्ये राहायला आले. एकच देश, एकच भूकंप, एकाच दिवशी. फरक कशाचा तर उंचीचा, आणि तो पण टेबलाशी बसून कागदावर कधीतरी घेतलेल्या निर्णयाचा.

हादऱ्यानं काहीच होत नाही असं पण नाही. १६ जुलै २००७ ला जपानच्याच काशिवाझाकी-कारिवा केंद्राला डिझाईनच्या दुपटीहून जास्त हादरा बसला. चालू भट्ट्या बंद झाल्या, बाहेरचा एक ट्रान्सफॉर्मर पेटला, वापरलेल्या इंधनाच्या तळ्यातलं पाणी हिंदकळून बाहेर आलं आणि थोडं समुद्रात गेलं. भट्ट्यांना धोका झाला नाही पण केंद्र वर्षानुवर्षं तपासणीत अडकलं. अमेरिकेत व्हर्जिनियात २३ ऑगस्ट २०११ ला ५.८ चा झाला तर नॉर्थ ॲना केंद्रात इंधन ठेवलेले शंभर टनांच्या वरचे पिंप काही सेंटिमीटर सरकले, चार डिझेल जनरेटरपैकी एकाचं कूलंट गळून तो बंद पडला, बाकी तीन चालले. म्हणूनच एकावर भरोसा ठेवत नाहीत.

आपल्याकडचं पण पाहू. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा सुरतजवळचं काक्रापार चालू होतं आणि चालूच राहिलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीचं पाणी कल्पाक्कमच्या पंपहाऊसमध्ये घुसलं, चालू युनिट बंद केलं, थंड ठेवलं, थोड्या दिवसांत परत सुरू झालं. पण मला विचाराल तर आपल्यासाठी सगळ्यात मोठा धडा भूकंपाचा नाहीच, नरोऱ्याच्या आगीचा आहे. ३१ मार्च १९९३, टर्बाईनचे ब्लेड तुटले, हायड्रोजन आणि तेल पेटलं, केबल जळाल्या आणि १७ तास केंद्रात करंट नव्हता. फुकुशिमाच्या १८ वर्षं आधी, तेच संकट. तरी गाभा वाचला. कसा? ऑपरेटरांनी डिझेलवर चालणारे आगीचे पंप सुरू करून स्टीम जनरेटरमध्ये, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या भांड्यांमध्ये, पाणी दिलं. जडपाण्याच्या भट्टीत स्टीम जनरेटर गाभ्यापेक्षा उंच बसवलेले असतात, त्यामुळं पंप बंद असले तरी गरम पाणी आपोआप वर चढते, तिथं निवते आणि खाली येते. यालाच थर्मोसायफन म्हणतात. वरून टँकर-दीड टँकर करत पाणी देत राहिलं की झालं. त्या रात्रीच्या ऑपरेटरांची नावं शाळेच्या पुस्तकात पाहिजे होती, पण जाऊ द्या. फुकुशिमानंतर आपल्या सगळ्या केंद्रांत बाहेरून फायर टेंडरचा पाईप जोडता येईल असे कनेक्शन, हायड्रोजन जिरवणारी उपकरणं, हलवता येणारे डिझेल सेट, अशी कामं काढली गेली. त्याची मूळ कल्पना नरोऱ्यानंच दिलेली आहे.

आता माझ्या कामाचं थोडं, कारण कागदावरचं डिझाईन आणि जागेवरची परिस्थिती यांच्यामध्ये जे असते ते बाहेर कोणाला दिसत नाही. अडीचशे-तीनशे डिग्रीचा पाईप तापला की लांबीनं वाढते, काही सेंटिमीटर सरकते. त्याला घट्ट बांधून ठेवलं तर तो स्वतःच वाकेल नाही तर नोझल फोडेल. मोकळा सोडला तर भूकंपात झुलेल. म्हणून त्याला स्नबर लावतात. आत तेल आणि व्हॉल्व्ह असलेला दांडा. हळूहळू सरकलं तर सरकू देते, झटका बसला की जागच्या जागी लॉक. दिसायला मोटारसायकलच्या शॉकॲब्जॉर्बरचा भाऊ, पण काम उलटं. तपासायचं काय? तेल गळून राहिलं का, पिन जाम झाली का, पट्टीवरचा काटा थंड असताना कुठं आहे आणि गरम असताना कुठं. एका ठिकाणी रंगवाल्यानं पाईपासोबत स्नबरचा चकचकीत दांडा पण इमानदारीनं रंगवून टाकला होता. रंग सुकून त्याचे पोपडे सीलमध्ये गेले की तेल गळणार, आणि तेल गळालं की ऐन भूकंपात तो दांडा नुसता शोभेचा. रंगवाल्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर तिथं रंगकामाच्या परमिटवरच लिहून द्यायला लागलो की अमुक नंबरच्या दांड्याला ब्रश लावायचा नाही.

तसंच वॉकडाऊन. म्हणजे टॉर्च घेऊन एक एक खोली फिरायची आणि बघायचं की हादरा बसला तर काय पडेल आणि कशावर पडेल. रिले पॅनलच्या बाजूला चाकाची ट्रॉली उभी आहे, ती लोळत जाऊन पॅनलला धडकेल. शटडाऊनमध्ये बांधलेली परांची काढायची राहून गेली. चेन ब्लॉक हुकावर लोंबकळून राहिला, खाली इम्पल्स लाईन, म्हणजे मीटरपर्यंत दाब पोचवणारी बारीक नळी. कंट्रोल रूमच्या वरचं फॉल्स सीलिंग आणि ट्यूबलाईटी. दोन पॅनल शेजारी शेजारी उभे पण एकमेकांना बोल्टनं जोडलेले नाहीत, मंग ते आपटतात आणि आतले रिले थरथरून खोटे सिग्नल देतात. बॅटरीच्या रॅकमध्ये दोन सेलच्या मधले स्पेसर गायब, कोणीतरी सेल बदलताना काढले आणि परत बसवलेच नाहीत. भूकंपात सेल एकमेकावर आदळून फुटले तर ज्या बॅटरीवर तुमचे पहिले काही तास अवलंबून तीच गेली. डिझेलचा पाईप एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाते तिथं तर खास पाहायचं, कारण दोन इमारती वेगवेगळ्या हलतात, मध्ये लवचिक जोड नसेल तर पाईप तिथंच तुटेल. मोठा भूकंप सहन करायचं सामर्थ्य काँक्रीटमध्ये भरपूर असते, माझी काळजी कधी काँक्रीटची नव्हती. काळजी असायची ती अशा दोनशे रुपयांच्या स्पेसरची, आणि ते जागेवर आहे का हे पाहायला जाणारा माणूस खरंच जाते का, की टेबलावर बसून टिक मारते, त्याची.

आता चुटका. हे गाव नर्मदेवर, बरगी धरणाच्या फुगवट्यावर. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, नर्मदा-सोनच्या भ्रंशपट्ट्यात. त्यामुळं भूकंपाची काळजी बिनबुडाची नाही. पण इथं समुद्र नाही, त्सुनामी नाही, म्हणून "फुकुशिमा होणार" हे वाक्य जसंच्या तसं लावता येत नाही. इथला प्रश्न वेगळा आहे आणि तो मी कुठंच कोणाला विचारताना ऐकला नाही. प्रकल्पाला थंड पाणी कुठून? बरगीच्या जलाशयातून. भूकंपात बरगी धरणालाच दुखापत झाली आणि जलाशय रिकामा करावा लागला तर पाणी कुठून? कोयनेच्या धरणाला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेले होते, धरण तुटलं नाही हे खरं, पण तडे गेले. उलट बाजूनं, नर्मदेवर वरच्या अंगाला काही फुटलं तर पुराची पातळी किती आणि डिझेल जनरेटर त्याच्या किती वर? काक्रापारला जून १९९४ मध्ये नुसत्या मुसळधार पावसानं टर्बाईन बिल्डिंगमध्ये पाणी घुसलं होतं, भूकंपाची पण गरज पडली नाही.

गोंदिया-नागपूर साफ होईल का? चुटक्याहून गोंदिया सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. आपल्याकडं इमर्जन्सी प्लॅनिंगचा घेरा १६ किलोमीटरचा असते. फुकुशिमात २० किलोमीटरचा रिकामा केला, आणि वाऱ्या-पावसानं किरणोत्सार वायव्येला गेल्यामुळं ४० किलोमीटरवरचं इताते गाव पण रिकामं करावं लागलं. म्हणजे घेरा कंपासनं काढलेला गोल नसते, वारा ठरवते. तरी दीडशे-दोनशे किलोमीटरवर शहर रिकामं करायची पाळी तिथंही आली नाही. नर्मदा पश्चिमेला गुजरातकडं वाहते, तिचं पाणी आपल्या वैनगंगेत येत नाही, हे पण कोणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवणाऱ्यांना सांगा. आणि एक कडू गोष्ट. फुकुशिमा प्रांतात घाईगडबडीच्या स्थलांतरानं, दवाखान्यातून म्हाताऱ्यांना हलवल्यानं, औषधपाणी तुटल्यानं दोन हजारांहून जास्त लोक गेले. किरणोत्सारामुळं गेलेला म्हणून जपान सरकारनं मान्य केलेला कामगार एक. म्हणून गाव रिकामं करायची तालीम, म्हाताऱ्यांची यादी, गाड्या, हे सगळं काँक्रीटच्या जाडीइतकंच महत्त्वाचं आहे.

चुटक्याचे लोक विरोध करतात ते बहुतेक दुसऱ्याच कारणानं, बरगी धरणात एकदा उठवले गेले, आता परत उठा म्हणतात. त्यांचं ते दुखणं भूकंपाच्या कोणत्याही रिपोर्टनं मिटणार नाही आणि मिटवायला जाऊ पण नये.

तुझी मंडल्याकडं कोणाशी ओळख असेल तर त्यांना हिंदीत एवढं लिहून पाठव, माहितीच्या अधिकारात किंवा सुनावणीत विचारायला: बरगीचा जलाशय खाली गेला तर भट्टी थंड ठेवायला जागेवर साठवलेलं पाणी किती दिवसांचं. वरचं धरण फुटलं धरून पुराची पातळी किती काढली आणि डिझेल सेट, स्विचगिअर, बॅटऱ्या कोणत्या उंचीवर. बाहेरून काहीच आलं नाही तर डिझेल किती दिवस पुरेल. आणि १६ किलोमीटरमधल्या गावांची तालीम दर किती वर्षांनी, त्यात आयोडीनच्या गोळ्या कोण वाटणार, तहसीलदार की पीएचसीचा डॉक्टर. उत्तर आकड्यात मागा. "सर्व सुरक्षा मानकांचे पालन केले आहे" असं छापील उत्तर आलं तर पहिलं अपील करा, तीस दिवसांच्या आत.